वाचक विचारतात : दहा पीडा, घडीची पोळी आणि उचल

गेल्या अंकात यहुदी परंपरेतली मिसरमधून सुटकेची कथा थोडक्यात दिली होती. मिसरमध्ये गुलाम झालेल्या इस्राएली लोकांना सोडायला फारो राजा तयार होईना. देवाने मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन यांच्यामार्फत त्याच्यावर दहा पीडा आणल्या. दहाव्या पीडेच्या रात्री लोक सुटले, आणि त्याची आठवण म्हणून पेसाह हा सण पाळतात. मराठी बायबलात त्याला वल्हांडण म्हटलंय. जोतिबाची चैत्र यात्रा आणि पेसाह बहुतेक वर्षी एकाच पौर्णिमेला येतात. 2022 ते 2025 सलग तसंच झालं. 2021 साली मात्र पेसाह होळीच्या पौर्णिमेला पडला, कारण यहुद्यांचा अधिक महिना ठरलेल्या चक्राने येतो, 19 वर्षांत सात वेळा, आणि तो आपल्या अधिक महिन्याशी दर वेळी जुळतोच असं नाही. या कथेवर बरेच प्रश्न आले. निवडक घेतले आहेत.

गारपिटीने शेतातलं सगळं झोपलं असं सातव्या पीडेत आहे. मग आठव्या पीडेत टोळांनी खाल्लं काय? आणि पाचव्या पीडेत रोगाने सगळी जनावरं मेली, तर सातव्या पीडेत गारांनी मेली ती कुठली?
– शेतकरी वाचक, शिरोळ

शंका रास्त आहे, आणि जुन्या टीकाकारांनाही (ग्रंथाचा अर्थ लावणाऱ्या भाष्यकारांनाही) ती आली होती. आधी क्रम पाहू : रक्त, बेडूक, उवा, जंगली जनावरांच्या झुंडी, गुरांची रोगराई, गळवं, गारा, टोळ, अंधार, पहिल्या अपत्यांचा मृत्यू. चौथ्या पीडेला मराठी बायबलात गोमाशा म्हटलंय. मूळ शब्द ‘आरोव’, म्हणजे मिसळ, सरमिसळ. त्यावर रब्बी (यहुदी धर्मपंडित) यहुदा म्हणतात जनावरं, रब्बी नेहेम्या म्हणतात गांधीलमाशा नि डास. यहुदी घरांत पहिला अर्थ रुळला.

पिकांचं उत्तर ही कथा सांगणाऱ्या बायबलातल्या ‘निर्गम’ ग्रंथातच, नवव्या अध्यायाच्या शेवटी आहे. जव कणसात आलं होतं आणि जवस बोंडावर होता, म्हणून ती दोन्ही पिकं गेली. गहू आणि स्पेल्ट (गव्हाचीच एक जुनी जात) मागास (उशिरा येणारे) होते, ते वाचले. अकराव्या शतकातला टीकाकार राशी पुढे कारण देतो : ही पिकं अजून कोवळी होती, म्हणून कठीण माऱ्यापुढे टिकली. कोवळं ताट वाकतं आणि परत उभं राहतं, कणीस धरलेलं मोडतं. शिरोळच्या माणसाला हे आम्ही काय सांगायचं! वाचलेला हा गहूच पुढे टोळांनी फस्त केला.

जनावरांचं उत्तर एका शब्दात लपलंय. पाचव्या पीडेची सूचना ‘रानात असलेल्या’ जनावरांबद्दल आहे. गोठ्यातली त्यातून सुटली. सातव्या पीडेआधीही स्पष्ट सूचना झाली की जनावरं आणि माणसं आत घ्या. ज्यांनी ऐकलं त्यांची वाचली, ज्यांनी हेळसांड केली त्यांची गेली. मग सुटलेल्या लोकांचा समुद्रापर्यंत पाठलाग करणाऱ्या फारोच्या रथांना घोडे कुठून आले? राशीच्या मते ते सूचना ऐकून जनावरं आत घेणाऱ्यांचेच. या तपशिलावर टीकाकारांनी बरीच चर्चा केली आहे.

सूचनेचीही एक घडण आहे. पहिल्या नऊ पीडा तीन-तीनच्या गटांत येतात. प्रत्येक गटात पहिल्या दोन पीडांआधी फारोला बजावलं जातं, तिसरी (उवा, गळवं, अंधार) न सांगता येते. मिद्राश या व्याख्याग्रंथात हिशेब दिलाय : महिन्याचा पाव भाग पीडा, उरलेला पाऊण भाग ताकीद. मिसरवरची शिक्षा 12 महिने चालली, असं मिश्ना सांगते. मिश्ना म्हणजे सुमारे इसवी सन 200 मध्ये संकलित झालेला तोंडी कायदा.

‘देवाने फारोचं मन कठोर केलं’ असं पुन्हा पुन्हा येतं. मन देवानेच कठोर केलं, तर शिक्षा फारोला का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, गारगोटी

ओळी मोजून वाचा, म्हणजे प्रश्न निम्मा सुटतो. पहिल्या पाच पीडांनंतर कुठेही देवाने मन कठोर केलं असं म्हटलेलं नाही. ‘त्याचं मन कठोर झालं’ किंवा ‘त्याने मन जड केलं’ असंच आहे. देव प्रथम मध्ये पडतो तो सहाव्या पीडेनंतर, गळवांच्या वेळी. सातव्या पीडेनंतर पुन्हा फारो स्वतःच मन जड करतो. आठवी, नववी आणि दहावी देवाकडे.

उरलेल्या निम्म्या प्रश्नावर दोन मोठी मतं आहेत. बाराव्या शतकातले यहुदी विद्वान मैमोनिदेस म्हणतात, माणूस आपखुशीने इतकं पाप करू शकतो की पश्चात्तापाची वाट बंद होणं हीच त्याची शिक्षा ठरते. फारोने पाच वेळा मोकळ्या मनाने नाही म्हटलं, मग ते नाही त्याच्यावरच लादलं गेलं. इटलीतला टीकाकार स्फोर्नो नेमकं उलटं सांगतो. इतक्या मारानंतर कोणीही ‘हो’ म्हणेल, पण तो पश्चात्ताप नव्हे, वेदनेपुढची शरणागती. देवाने त्याला सहन करण्याचं बळ दिलं, म्हणजे निवड त्याच्याच हातात राहिली. आम्हाला स्फोर्नोचं मत जास्त पटतं, पण मूळ ओळींशी मैमोनिदेसांचं जास्त जुळतं.

आता शब्दाची गंमत. ‘मन जड केलं’ यातल्या जड या अर्थाचा हिब्रू शब्द ‘कावेद’, आणि काळजालाही, म्हणजे मटणाच्या दुकानात मिळतं त्या काळजाला, ‘कावेद’च म्हणतात. मिद्राश त्यावर म्हणते की फारोचं हृदय काळजासारखं झालं : दुसऱ्यांदा शिजवायला घेतलं तर त्यात रस्सा शिरत नाही. मराठीत काळीज म्हणजे हृदयही आणि कलेजीही, त्यामुळे हा श्लेष आपल्याकडे आयता उतरतो. काळीज जास्त वेळ चुलीवर ठेवलं की रबर होतं, हे कोल्हापुरात समजावून सांगायला नको.

पेसाहमध्ये बेखमीर भाकर खातात. आपली ज्वारीची भाकरी आणि चपातीही बेखमीरच की! मग ती चालेल का?
– गृहिणी, रंकाळा परिसर

दोन्ही चालणार नाहीत, पण कारणं वेगवेगळी आहेत.

ज्या धान्याला आंबवण चढू शकतं, त्याचीच मात्सा (बेखमीर भाकर) होते. अशी धान्यं पाच मानली आहेत : गहू, जव, स्पेल्ट, राय आणि ओट. तालमूदच्या (मिश्ना आणि तिच्यावरची रब्बींची चर्चा यांच्या ग्रंथाच्या) मते तांदूळ आणि भरड धान्यं आंबत नाहीत, नासतात. म्हणजे ज्वारीची भाकरी ‘हामेत्स’ (सणात वर्ज्य असलेला आंबवलेला पदार्थ) नाही, पण मात्साही नाही. तिच्याने सणाच्या रात्रीचं कर्तव्य पूर्ण होत नाही. शिवाय युरोपातले आश्केनाझी यहुदी तांदूळ, डाळी आणि अशी भरड धान्यं पेसाहच्या दिवसांत खातच नाहीत. पूर्वेकडच्या अनेक समाजांत भात चालतो.

चपातीचं धान्य बरोबर, पण रीत आडवी येते. पिठाला पाणी लागल्यापासून 18 मिनिटांत, हात न थांबवता, मळणं-लाटणं उरकून मात्सा भट्टीत जायला हवी. तालमूदमध्ये एक ‘मील’ अंतर चालायला लागणारा वेळ दिलाय, त्याचीच ही 18 मिनिटं. आपण कणीक मऊ व्हावी म्हणून झाकून ठेवतो, तिथेच ती हामेत्स होते. पाणी आदल्या संध्याकाळी भरून रात्रभर थंड ठेवलेलं लागतं, कारण कोमट पाण्याने आंबणं लवकर सुरू होतं. मीठ घालत नाहीत. तेल, दूध किंवा रस घातला तर ती ‘दैन्याची भाकर’ राहत नाही, आणि पहिल्या रात्री दैन्याचीच भाकर हवी.

आपल्या स्वयंपाकघरात हमखास फसणाऱ्या गोष्टी तीन. पहिली, गहू धुऊन वाळवून गिरणीत देण्याची सवय. धुतलेला गहू बाद. मोठ्या रोलर मिलचं पीठही बाद, कारण कोंडा सुटावा म्हणून तिथे गहू आधी ओलवतात. दुसरी, परात आणि पोळपाट. अठरा मिनिटांची एक खेप झाली की भांडी, लाटणी, हात सगळं धुऊन काढायचं, कारण चिकटून राहिलेली कणीक पुढच्या खेपेला आंबवते. तिसरी सगळ्यात मजेशीर : आपल्याला घडीची आणि टम्म फुगलेली पोळी आवडते, आणि आश्केनाझी रिवाजात नेमके हेच दोन दोष नावानिशी सांगितलेत. घडी पडली की आतला भाग भट्टीची आच लागण्याआधी आंबतो. फुगा आला की आतल्या पोकळीबद्दल तीच शंका. म्हणून दातेरी चाक फिरवून मात्साला सगळीकडे भोकं पाडतात. येमेनी यहुद्यांची मात्सा मात्र मऊ, आपल्या भाकरीच्या जवळची असते. तेव्हा मात्सा म्हणजे कुरकुरीत चौकोनी पापडच, असं समजू नये.

प्रमाण : ‘ऑलिव्हच्या फळाएवढा तुकडा’, आजच्या प्रचलित मापात साधारण 27 ग्रॅम, आणि तो रेंगाळत न खाता थोड्या मिनिटांत संपवायचा.

गवताशिवाय विटा पाडायला लावल्या ही शिक्षा म्हणून सांगतात. आमच्याकडे मातीत राख, बगॅस, तूस पडतं. ते नसलं तर वीट होतच नाही असं नाही. मग एवढं काय?
– वीटभट्टीचालक, हातकणंगले तालुका

तुमची वीट भाजलेली असते. बगॅस किंवा तूस आतून जळतं आणि विटेला आच पुरवतं. मिसरची वीट उन्हात वाळवलेली. नाईलच्या चिकण गाळात चिरलेला पेंढा नसेल तर वाळताना ती आकसते आणि तडकते. पेंढा मातीला धरून ठेवतो आणि ओल सगळीकडून सारखी बाहेर पडू देतो.

पण खरी शिक्षा पेंढ्याची नव्हती, हिशेबाची होती. आधी सरकार पेंढा पुरवत असे. फारोने तो बंद केला आणि विटांचा रोजचा आकडा तोच ठेवला. हिब्रूत दोन शब्द आहेत : ‘तेवेन’ म्हणजे चिरून तयार केलेला पेंढा, आणि ‘काश’ म्हणजे शेतात उभा राहिलेला धसकट. लोक काश गोळा करायला देशभर पांगले, तो आणून चिरायचा, मग माती मळायची, आणि संध्याकाळी गिनती पूर्ण हवी. ती भरली नाही की मार बसे तो इस्राएली मुकादमांना. परंपरा सांगते की त्यांनी मार स्वतः सोसला आणि खालच्या माणसांकडून जबरीने काम काढलं नाही. म्हणून पुढे वाळवंटात सत्तर वडीलधाऱ्यांची सभा नेमली, तेव्हा त्यातली माणसं या मुकादमांमधून घेतली. टोळीवाल्या मुकादमांचा अनुभव असलेल्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

या राबवणुकीला ‘पारेख’ हा शब्द आहे आणि पुढे कायद्यात तो जसाच्या तसा उतरला : आपल्या माणसाला पारेखने राबवू नकोस. मैमोनिदेसांनी त्याची व्याख्या करताना मारहाणीचा उल्लेखही केला नाही. पारेख म्हणजे ज्याला हद्द नाही किंवा ज्याची गरज नाही असं काम. ‘मी येईपर्यंत या वेलींखाली खणत राहा’ असं सांगायचं नाही, इतका वेळ किंवा इतकी जागा असं सांगायचं. गरज नसताना, माणूस नुसता बसू नये म्हणून, ‘हा पेला गरम कर’ असंही सांगायचं नाही.

सुटका झाल्यावर यहुद्यांनी स्वतः गुलाम ठेवलेच ना? आमच्या भागात ऊसतोड टोळ्यांची उचल फिटेपर्यंत सुटका नसते. यावर त्यांच्या कायद्यात काही आहे का?
– वाचक, राधानगरी

ठेवले. सारवासारव करण्यात अर्थ नाही. ‘लेवीय’ ग्रंथाचा 25वा अध्याय परक्या गुलामाला वारशाने देण्याची मुभा देतो. त्याला काही संरक्षण होतं : मालकाने डोळा किंवा दात फोडला तर तो त्याबदल्यात मोकळा, शब्बाथच्या दिवशी त्यालाही विश्रांती, आणि पळून आलेल्या गुलामाला मालकाच्या हवाली करू नये अशी ‘अनुवाद’ ग्रंथातली आज्ञा. पण तो गुलामच.

आपल्यातल्या माणसाचे नियम वेगळे होते, आणि तुमच्या प्रश्नाला तेच लागू पडतात. न्यायालय एकाच माणसाला विकू शकतं : चोरीची रक्कम परत करू न शकणाऱ्या चोराला. कर्ज थकलं म्हणून कोणाला विकता येत नाही. माणूस स्वतःला विकू शकतो, पण खायला काही उरलं नाही तेव्हाच. सावकाराचं देणं भागवण्यासाठी स्वतःला विकायलाही मैमोनिदेसांच्या संहितेत मनाई आहे. म्हणजे उचलीच्या व्यवहाराचा पायाच तिथे उभा राहत नाही.

न्यायालयाने विकलेल्याची मुदत सहा वर्षं. मध्येच मोकळं व्हायचं असेल तर उरलेल्या वर्षांचेच पैसे भरायचे : 60 नाणी देऊन सहा वर्षांसाठी घेतला आणि दोन वर्षं झाली, तर 40 भरून तो मोकळा. आजारपणात तीन वर्षं गेली तरी ती भरून द्यावी लागत नाहीत. त्याच्या बायकोमुलांचं पोट भरणं मालकावर. सहा वर्षं संपल्यावर रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून द्यायचं. किती, यावर तीन रब्बींची तीन मतं : 15, 30 किंवा 50 सेला (चांदीचं नाणं). मैमोनिदेस 30 धरतात.

जेवण-झोपण मालकासारखंच. स्वतः गव्हाची आणि त्याला कोंड्याची भाकर असं नाही. घरात उशी एकच असेल तर ती नोकराला द्यावी लागते, असं नंतरच्या टीकाकारांनी जेरुसलेमच्या तालमूदचा आधार घेऊन म्हटलंय. त्यामुळे म्हण पडली : ज्याने हिब्रू गुलाम घेतला त्याने स्वतःला मालक घेतला.

आणि एवढं करून तो म्हणाला, ‘मला जायचं नाही’, तर? त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून आरीने कान टोचायचा. कानच का? रब्बी योहानान बेन झक्काय सांगतात : ‘हे लोक माझे दास आहेत’ हे देवाचं वचन सिनाय पर्वतावर याच कानाने ऐकलं होतं, तरी याने दुसरा मालक केला. ही सगळी पद्धत दर पन्नासाव्या, योवेलच्या (गुलामांच्या सुटकेच्या) वर्षाची गणना चालू असेपर्यंतच होती. ती थांबली तशी ही संपली.

सणाच्या रात्री पीडांची नावं घेताना द्राक्षरस सांडतात तो का? आणि दारू न पिणाऱ्यांनी काय करायचं?
– शिक्षिका, राजारामपुरी

एकेका पीडेच्या नावाला एक थेंब, असे दहा. त्याआधी ‘रक्त, अग्नी आणि धुराचे लोट’ या शब्दांना तीन, आणि नंतर रब्बी यहुदांनी दहा पीडांची आद्याक्षरं जोडून केलेल्या तीन शब्दांना तीन. एकूण 16. बोटाने काढतात किंवा ओततात, आणि सांडलेलं कोणी पीत नाही.

कारण म्हणून आज सर्वत्र सांगतात ते असं : शत्रूच्या दुःखाने आपला प्याला तेवढा कमी झाला. जुनं कारण वेगळं होतं, या पीडा आमच्यापासून दूर राहोत. दोन्ही एकमेकांच्या शेजारी राहू द्यावीत. शत्रूबद्दलची भावना मात्र नवी नव्हे. तालमूदमध्ये पाठलाग करणारं मिसरचं सैन्य समुद्रात बुडताना देवदूत गायला निघतात आणि देव म्हणतो, ‘माझ्या हातची निर्मिती समुद्रात बुडते आहे आणि तुम्ही गाणी म्हणता?’ सणाच्या शेवटच्या दिवसांत स्तुतिगीतं अर्धीच म्हणतात, त्यालाही पुढे हेच कारण जोडलं गेलं.

प्याले चार, प्रत्येकी किमान 86 मिलिलिटर. काही घराणी 150 धरतात. साधा द्राक्षरस चालतो. महाराष्ट्रातले बेने इस्राएल यहुदी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करतात.

महापूर आला की ‘देवाचा कोप’ म्हणतात. यहुदी धर्मातही असंच मानतात का?
– वाचक, चिखली

पीडांची कथा वाचून तसं वाटणं साहजिक आहे, पण दुसऱ्याच्या संकटावर तो शिक्का मारायला तालमूदने मनाई केली आहे. ज्याच्यावर दुःख कोसळलंय त्याला ‘तुझंच काहीतरी पाप असेल’ म्हणणं ही ‘शब्दांची छळणूक’ ठरते, आणि ती पैशांच्या फसवणुकीहून वाईट. समाजाने स्वतःकडे पाहावं, उपास करावा, हे मात्र ठरलेलं आहे. पावसाने ओढ दिली तर आधी विद्वानांचे तीन उपास, मग सगळ्यांचे तीन, आणखी तीन, मग सात.

तुमच्या गावाला लागू पडेल असा एक बारकावा. मिश्ना सांगते की कोणत्याही सार्वजनिक संकटात शिंग फुंकून धावा करावा, फक्त अतिपावसाविरुद्ध नको. इस्राएलच्या कोरड्या डोंगरात पाऊस ही कृपाच. पण तालमूद लगेच अपवाद नोंदवते : परमुलखात, म्हणजे बाबेलमध्ये, अतिपावसाविरुद्धही धावा करतात, नाहीतर घरंच कबरी होतील. बाबेल दोन नद्यांमधला सखल मुलूख. पंचगंगेकाठी कोणता नियम लागू पडेल, हे वेगळं सांगायला नको.

थोडक्यात

*मिसरच्या नोंदींत या घटनांचा पुरावा आहे का?* (इचलकरंजी) पीडांचा नाही. ‘इस्राएल’ हे नाव मात्र सुमारे इसवी सन पूर्व 1208 च्या मेर्नेप्ताह फारोच्या शिलालेखात आहे. तो 1896 साली सापडला.

*गुलामी नक्की किती वर्षं?* (कागल) ‘उत्पत्ति’मध्ये 400, ‘निर्गम’मध्ये 430. रब्बी 400 वर्षं इस्राएली लोकांचा पूर्वज इसहाक याच्या जन्मापासून मोजतात आणि मिसरमधला प्रत्यक्ष मुक्काम 210 वर्षांचा धरतात.

*सणाच्या रात्रीचं पुस्तक मराठीत आहे का?* (गडहिंग्लज) आहे. त्याला हागादा म्हणतात. पुण्यात 1874 साली हिब्रू आणि मराठी अशी सचित्र हागादा छापली गेली. तिच्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्सा करताना दाखवल्या आहेत.